शिशाची पळी

परवा इंदापुरात बॅटरीच्या दुकानात तापलेल्या शिशाचा वास आला आणि वडिलांची लोखंडी पळी आठवली. ते धरणात मासे धरायचे आणि जाळं बुडावं म्हणून त्याच्या कडेला लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या घरीच ओतायचे. त्यासाठी निमगावच्या बाजारात त्यांनी कितीतरी पळ्या हातात तोलल्या आणि शेवटी लांब दांड्याची, चोच असलेली एक जड पळी घेतली. नवं भांडं म्हणून आईनं ती धुतली, हळदीकुंकू लावलं आणि तशीच ओली चुलीपाशी ठेवली. वडिलांनी न बघता ती वितळलेल्या शिशात बुडवली. पळीवरच्या पाण्याची क्षणात वाफ होऊन फाडकन आवाज झाला, शिसं उडालं आणि त्यांची भुवई भाजली. शेजारी धावत आले. आई भिंतीला टेकून उभी होती. वडील म्हणाले, "काय न्हाय, शिशातच घाण होती." पुढच्या खेपेला त्यांनी आधी पळी जाळावर धरून कोरडी केली, निवू दिली आणि आईला हाक मारली, "ये, आता लाव कुंकू." भुवईत मात्र कायमची फट राहिली. ती कशानं पडली असं कुणी विचारलं की वडील अजूनही शिशालाच नावं ठेवतात.