फिशटँकमधली लागवड

ओल्या रेतीचा वास आला की मला श्रीवर्धनच्या घराची पडवी आठवते. अर्धांगाच्या झटक्यानंतर सासऱ्यांचं सुपारीच्या वाडीत जाणं थांबलं आणि बोलणंही. डॉक्टर म्हणाले होते, वाचा शाबूत आहे, पण ते तोंडच उघडत नव्हते. त्यांना बघायला काही हिरवं असावं म्हणून मी खाटेशेजारी मोठा फिशटँक मांडला. तळाला माती, वर धुतलेली रेती घातली, वीतभर पाणी सोडलं आणि पाण्यातली रोपं लांब चिमट्याने खोचू लागले. ती सारखी सुटून वर तरंगत होती. चौथ्यांदा तसं झालं तेव्हा मला रडूच फुटलं. तेवढ्यात मागून घोगरा आवाज आला, “अगो, तिरकं खोच. मूळ धरेल.” मी दचकून वळले. ते धड असलेला हात पुढे करून चिमटा मागत होते. मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. त्यांनी मनगटापर्यंत हात बुडवून एक रोप लावलं. ते हललं नाही. संध्याकाळपर्यंत सगळी लागवड त्यांनीच केली, वर मला दोनदा रागावलेसुद्धा. पुढची चार वर्षं ते दिवसभर बोलत असत. कधीकधी मी कंटाळून आत निघून जायचे, त्याचं आता वाईट वाटतं.