कारभारीण नावाची फाईल

हनुमंत भालेराव यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा गृहस्थ वडगाव मावळातून अग्निबाण सोडतोय अशी माझी खात्री झाली. काळा पडदा, त्यावर सरसर धावणारी पांढरी अक्षरं, आणि संगणकाचा पंखा असा घोंघावतोय की आता दुकानाचे पत्रे उडणार. मी दारातच उकिडवा बसलो. पाच मिनिटांनी ते म्हणाले, "उठा, तुमचं लगीन झालं." माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरली होती.

संगणक त्यांच्या मुलाने, प्रज्ञेशने, बंगळुरात बसून फोनवरून लावून दिलेला. संगणकाला द्यायचा कुठला आदेश कशाला, हे हनुमंतभाऊंनी भिंतीवर मार्करने उतरवलेलं: व्हिडिओ लहान करायचा तो, व्हिडिओतला नुसता आवाज काढायचा तो. सगळे तोंडपाठ. तरी रोज दुपारी मुलाला फोन, "ते आवाज काढायचं कसं रं?" प्रज्ञेश कामात असायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ यायची, तीच, भिंतीवरची. भाऊ ती पुन्हा वहीत लिहून घ्यायचे.

"भाऊ, हे तुम्हाला पाठ आहे की," मी एकदा म्हणालो.

"हाय की. त्याला नका सांगू."

त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. बुद्धपौर्णिमेला ती विहारात गायची. त्या गाण्यांची एकच कॅसेट होती, ओलीने बुरशी धरलेली. भाऊंनी ती संगणकात उतरवली आणि शेवटचं गाणं उतरताच फीत तुटली. फाईलला त्यांनी नाव दिलं 'कारभारीण'.

"बाईंचं नाव का नाही दिलं?"

"आवो, बायकोचं नाव घेत्यात व्हय?"

मग औंढ्याचे दत्तोबा आपल्या बायकोच्या ओव्यांची कॅसेट घेऊन आले.

"फाईलला नाव काय देऊ, आबा?"

"आमची कारभारीण, दुसरं काय," दत्तोबा सत्तरीत लाजले.

भाऊंनी 'कारभारीण' टाईप केलं. त्या नावाची जुनी फाईल असली की संगणक विचारतो, पुसू का? पण या चौकशीला कंटाळून भाऊंनी आदेशातच कायमचा होकार लिहून ठेवला होता. संगणकाने न विचारता जुनी फाईल पुसली आणि तिच्या जागी औंढ्याच्या कारभारणीला बसवलं.

संध्याकाळी भाऊ नेहमीसारखे हेडफोन लावून बायकोची गाणी ऐकायला बसले. मी समोर चहा पीत होतो. मिनिटभराने त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

"बगा, ही कोन हाय."

जात्यावर एक बाई गात होती. छान गात होती.

त्यांनी प्रज्ञेशला फोन लावला. या वेळी खरंच विचारायचं होतं. तो मीटिंगमध्ये होता. पुसलेलं परत मिळवायचा आदेश त्याने लिहून पाठवला, एक ओळ.

तो आदेश दोन दिवस चालला. अकराशे फोटो परत आले, सगळे लोकांच्या लग्नांतले. गाणं आलं नाही.