राखेवर टेकवलेला हात

सुगंधाबाईचा उजवा हात मनगटापासून तुटला, तेव्हा तो ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून बर्फात मीच ठेवला. मी इथल्या उपकेंद्रातली नर्स. गोंडपिपरीहून नागपूरपर्यंत तिचा नवरा नथ्थूभाऊ ती पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. चारा कापायच्या कुट्टी मशीनने क्षणात केलेलं निस्तरायला डॉक्टरांना अकरा तास लागले. हात जोडला गेला. गावाला वाटलं, झालं एकदाचं.

झालं कुठलं. पुढे सात महिने रोज बोटं वाकवायची, सरळ करायची, ताटलीतले सोयाबीनचे दाणे एकेक उचलायचे. बोटं वळू लागली, पण हाताला काहीच कळेना. दाणा धरलाय की पडला, हे ती डोळ्यांनी पाहायची.

"पराया हात हाय बाई," ती म्हणायची. "मले वझं झालं त्याचं."

मी तिच्यावर ओरडायचे आणि घरी जाऊन स्वतःच गळून पडायचे.

मार्चमध्ये मोह गळू लागला. दाण्यांचा वीट आलाय, मोहफुलं वेचते, म्हणाली. मीच हो म्हटलं. आमच्याकडे मोहाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करतात आणि राख निवली का ते तळहात टेकवून पाहतात. चाळीस वर्षांच्या सवयीने तिने उजवा हात टेकवला. हाताने काही सांगितलं नाही, म्हणून ती तशीच टेकवून राहिली. नथ्थूभाऊने मनगट धरून ओढलं, तोवर तळहात पोळला होता.

मला माझाच संताप आला. गरम वस्तूपासून हात जपा, असं नागपूरच्या कागदावर लिहिलं होतं. मी ते तिला चुलीपुरतंच समजावलं होतं.

मग एक दिवसाआड ड्रेसिंग. ती भिंतीकडे बघत बसायची. मी जखम कितीही पुसली तरी तिला काही कळायचं नाही.

"कापून टाकाले सांगा नं," एकदा म्हणाली. "जिवंत नाई थो."

नथ्थूभाऊ उठून बाहेर गेला.

चौथ्या आठवड्यात जखमेची कड पुसताना तिने हात झटकन मागे घेतला.

"हळू नं बाई, दुखून राह्यलं."

आम्ही दोघी थांबलो. मी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि करंगळीखाली कापसाचा बोळा टेकवला.

"कुठी?" मी विचारलं.

डाव्या हाताच्या बोटाने तिने नेमकी तीच जागा दाखवली. मग मिटल्या डोळ्यांनीच हात माझ्यापुढे धरला.

"अजून पुसा," ती म्हणाली.

मी पुसलं. ती कळवळली, पण हात काही तिने मागे घेतला नाही.