मोठ्या नळीचं मौन

थोर वाद्य आपल्या माणसामागे मूक होतं. हे वाक्य माझं नाही, उदगीरच्या चर्चमधल्या पाळकसाहेबांचं आहे. गेल्या रविवारी ते ऐकताना पुढच्या बाकांवरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले, मीही मान खाली घातली. वास्तविक तो ऑर्गन आम्ही शाळेत असल्यापासून मुकाच होता, आणि ज्याच्यामागे तो मूक झाला म्हणत होते, त्या पेत्रसनं जन्मभरात त्यावर एक गीतही वाजवलेलं नव्हतं.

पेत्रस गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या माझ्या पुस्तकांच्या दुकानाचं शटर वर करत होतो. "अप्पा, सर गेले," एवढंच त्याची बायको, रूथवहिनी म्हणाल्या. मी शटर तसंच खाली ओढलं.

आम्ही उदगीरला एका बाकावर शिकलो. मी लिंगायत व्यापाऱ्याचा मुलगा, तो चर्चमागच्या वस्तीतला. पुढे त्यानं किनवटच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त होऊन परत आला तो थेट या ऑर्गनच्या पोटात शिरला. निजामाच्या काळात कुण्या साहेबानं तो पेट्यांतून आणवला होता. दोन पुरुष उंच, पुढे शिशाच्या नळ्या, मागे लाकडी, आणि सगळ्यांना वारा पुरवायला एक भाता. भात्याचं कातडं फाटलेलं, आणि नळ्यांमध्ये कुंभारमाशांनी मातीची घरं बांधलेली. साहेब गेले, निजाम गेला, माशा राहिल्या. पेत्रसनं लांब दांड्याचा एक ब्रश करून घेतला आणि एकेक नळी साफ करत बसला. भात्यासाठी नांदेडहून मेंढीचं कातडं आणलं तेव्हा मला म्हणाला, "अप्पा, तुम्हाला कातडं चालायचं न्हाई. तुम्ही गोंदाचं डबडं धरा." मी धरलं. पुढे भाता मारायचं कामही माझ्याकडेच आलं. त्यावर तो म्हणायचा, "व्यापाऱ्याच्या पोराला पहिल्यांदा घाम आलेला बघून राहिलो."

मागची सगळ्यात मोठी लाकडी नळी त्यानं पहिल्यांदा बोलती केली तो दिवस मला आठवतो. आवाज कानाला आलाच नाही. आधी खिडक्यांच्या काचा थरथरल्या, मग बाकं, मग माझ्या बरगड्या. बाहेर कुत्री एकदम गप्प झाली... दुसऱ्या दिवशी वस्तीतली एक म्हातारी गेली. बायका म्हणू लागल्या, ती नळी माणसाला बोलावून घेते. पेत्रस हसला. "म्हातारी नव्वदीची होती अप्पा. लई दिवसांपासून वाट बघत होती, न्हाई बोलावलं तरी गेली असती." हसता हसता त्याला खोकला आला आणि तो लवकर थांबला नाही. जुनी धूळ असेल, असं आम्ही दोघंही म्हणालो. लातूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि धूळ म्हटलं नाही.

तोवर शेवटची नळी बसली होती. प्रत्येक नळी त्यानं सुटी सुटी ऐकली होती. सगळ्या मिळून एक गीत ऐकायचं, एवढंच त्याचं राहिलं होतं. पण चर्चच्या समितीनं त्याच संध्याकाळी पट्ट्यांच्या झाकणावरून लाल रिबीन आवळून बांधली, कारण उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते. "एकदा वाजवून बघू द्या," पेत्रस म्हणाला. चिटणीस कळवळून म्हणाले, "सर, आधीच वाजवलं तर मग उद्घाटन कशाचं?" या प्रश्नाला आजवर कुणालाही उत्तर देता आलेलं नाही.

पाहुण्यांची तारीख पुढे गेली. मग आचारसंहिता लागली. मग पाहुण्यांच्या घरी लग्न निघालं. दर खेपेला पेत्रसच्या सदऱ्याची गळपट्टी थोडी अधिक सैल दिसायची. मी एकदा चिडून म्हणालो, "अरे, साधी गाठ आहे. चल, मी भाता मारतो, तू वाजव." त्यानं गाठीवरून बोट फिरवलं. "सोडायला काय लागतंय, अप्पा. पण उद्या मला मातीला न्यायचंय ह्याच लोकांनी."

शेवटचा भेटलो तेव्हा तो खाटेवर उशांना टेकून होता. बोलायला वारा पुरत नव्हता. "रिबीन... सुटली का?" मी नाही म्हणालो. "मग थांबतो की थोडं," तो म्हणाला. तो थांबला, पाहुण्यांना जमलं नाही.

त्याच्या दफनविधीला ऑर्गन वाजवावा असं वहिनींनी सुचवून पाहिलं. पहिला सूर मयताला नको, असं समितीत ठरलं. रिबिनीवर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिक घातलेलं होतं. ऑर्गनशेजारी एका मुलीनं बॅटरीवरच्या की-बोर्डवर गीत वाजवलं, आणि आम्ही पेत्रसला घेऊन निघालो.

गेल्या रविवारी अखेर पाहुणे आले. शाली झाल्या, रिबीन कापली गेली, नांदेडहून आलेल्या वादकानं गीत धरलं. भाता मीच मारत होतो. ऑर्गन खरोखर सुरेख वाजला. फक्त जिथे काचा थरथरायला हव्या होत्या तिथे काहीच झालं नाही. मोठी नळी गप्प होती. गीत संपल्यावर पाळकसाहेबांनी ते वाक्य उच्चारलं. पाहुण्यांनीही सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला लावलं.

सगळे चहाला गेल्यावर मी मोबाइलचा उजेड घेऊन मागे गेलो. पेत्रसचा ब्रश खिळ्याला अडकवलेला होता तसाच होता. मोठ्या नळीला जिथून वारा फुटतो त्या फटीत कुंभारमाशीनं घर बांधलेलं होतं. माती पार वाळली होती. पिल्लं उडूनही गेली होती.