शिंप्याला सुताराने ढकललं

बाईंना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. तरी जुन्या शाळेवरून जाताना त्यांची मान आपोआप तिसरीच्या खिडकीकडे वळते, आणि हटकून एक मुलगी आठवते. सगळी शाळा तिला ‘सुसाट’ म्हणायची.

नाव तिने कमावलेलं होतं. पुस्तक हातात आलं की मुलगी धडा एका दमात संपवायची. एक अक्षर चुकायचं नाही. पाहुणे आले की मुख्याध्यापक तिलाच उभी करायचे. बाईंनाही तिचं कोण कौतुक!

एकदा बाईंनी सहज फळ्यावर लिहिलं: ‘शिंप्याला सुताराने ढकललं.’ सुसाटने ते खाडकन वाचलं. कोण पडलं, असं विचारल्यावर तितक्याच खाडकन म्हणाली, “सुतार.”

वर्ग हसला. बाई मात्र दचकल्या. शिंपी आधी आला, म्हणजे त्यानेच ढकललं, असा तिचा सरळ हिशोब होता. ‘ला’ आणि ‘ने’ तिच्या जिभेवरून जात होते, डोक्यात शिरतच नव्हते. बाईंनी मग इतरांनाही विचारून पाहिलं. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांचं उत्तर तेच.

दुसऱ्या दिवशी बाईंनी जुन्या खोक्याचे पुठ्ठे कापले, त्यांवर ‘ने’ आणि ‘ला’ लिहून दोऱ्या ओवल्या. ज्याच्या गळ्यात ‘ने’ त्याने ढकलायचं, ‘ला’वाल्याने पडायचं. उभं राहायची जागा तीच ठेवून पुठ्ठे बदलले, की पडणारा बदलायचा. आठवडाभर वर्गात नुसती धूळ उडाली. मुख्याध्यापक दोनदा दारात येऊन कपाळाला हात लावून गेले. मग मोठी वाक्यं आली, वाक्याच्या पोटात वाक्य असलेली.

सुसाटचा वेग मात्र उतरला. ती अडखळू लागली, मागे जाऊन पुन्हा वाचू लागली. तिची आई इस्त्रीचं दुकान सोडून शाळेत आली. “बाई, चांगली भराभर वाचत होती हो. तुम्ही काय केलंत?” त्या रात्री बाईंना जेवण गेलं नाही. आपण पोरीचं वाटोळं तर नाही ना केलं?

तीनेक आठवड्यांनी बाईंनी एक नवी गोष्ट वाचायला दिली. सुसाट उभी राहिली, एकेक शब्द लावत वाचू लागली. “न्हाव्याने दाढी केलेल्या बोकडाला मालकाने ओळखलंच नाही.” ती थांबली. पुन्हा मनात वाचलं. आणि एकदम खुदकन हसली.

वर्गात कुणाला काही कळेना.

“अगं, हसतेस काय?” बाईंनी विचारलं.

“बाई, न्हाव्याने बोकडाची दाढी केली!”

मग सगळा वर्ग हसत सुटला. बाई फळ्याकडे तोंड करून उगाच काहीतरी पुसत राहिल्या, कारण डोळे भरून आले होते.

संध्याकाळी आई पुन्हा आली, या वेळी हसतच. लेकीने दुकानात ती गोष्ट तीनदा वाचून दाखवली होती, आणि कुठे हसायचं तेही सांगितलं होतं.