राणो विहिरीपाशी का थांबायची

आमच्या तायाला लोक हसायचे, ते मला अजूनही खपत नाही. ताया म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ, बचित्तर सिंग. छाती अशी की दारातून आडवं व्हावं लागे, आणि लोक म्हणायचे, हा एका खेचरीला भितो! भितो कसला डोंबल! जीव होता त्याचा तिच्यावर. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

आम्ही कुंभार. गाढवं घरातच वाढलेली. म्हणून ताया फौजेत गेला तेव्हा त्याच्या हाती बंदूक आली नाही, खेचरं आली. संस्थानच्या दरबाराने लढाईसाठी खेचरांचा तांडाच पोसून ठेवला होता आणि लढाईचा तर पत्ता नाही. बसून चंदी खाणार तरी किती? मग सरहिंदपासून मोरिंड्यापर्यंत सडकेच्या कडेने रूळ टाकला आणि खेचरं गाडीला जुंपली. एकच रूळ, हो! गाडीची छोटी चाकं त्या एका रुळावर, आणि ती कलंडू नये म्हणून बाजूला सडकेवरून धावणारं एक भलं मोठं चाक. भार सगळा रुळाकडे हवा, म्हणून ताया जाडजूड माणसं हेरून तिकडे बसवायचा.

"लालाजी, इकडे या. सरकारी लोखंडावर बसा. बिचाऱ्या सडकेने तुमचं काय वाकडं केलंय?"

लालाजी म्हणजे मोरिंड्याचे कापडवाले. ते हसत हसत सरकायचे. तायाच्या गाडीत कुणी रागावत नसे.

तायाच्या गाडीला राणो असायची. शिंगरू होती तेव्हापासून त्याने वाढवलेली, लांब कानांची, अंगाने तांबूस. सगळी चांगली, एक खोड सोडली तर. वाटेत किकरांवाली नावाचं गाव लागायचं. तिथे ना ठेशन, ना ओटा, ना काही. पण सडकेलगतच्या विहिरीपाशी राणो जी उभी राहायची ती हलायचीच नाही. गोंजारा, ढकला, आईबापाचा उद्धार करा, ढिम्म! उतारू खाली उतरून पाणी प्यायचे, पाय मोकळे करायचे, कुणी घडा विकत घ्यायचं. मग बाईसाहेबांची मर्जी झाली की गाडी सुटायची.

शेवटी तक्रार वर गेली. गाडीवर देखरेख करणारा दरोगा तबेल्यात येऊन म्हणाला, "सिपाही, सोमवारी मी स्वतः गाडीत बसतो. राणो तिथे थांबली की गेली वीटभट्टीवाल्याकडे."

वीटभट्टीवर खेचरांचे काय हाल होतात ते तायाने पाहिलं होतं. पाठीवरच्या जखमा वाळायच्या आत पुन्हा विटा. त्याला जेवण जाईना. माझी आजी सांगायची, मक्याची भाकरी आणि मोहरीच्या पाल्याचा साग पुढ्यात तसंच निवून जायचं.

दुसऱ्या दिवशी गाडी विहिरीपाशी थांबली तेव्हा ताया उतारूंच्या घोळक्यात न जाता गुपचूप राणोच्या मागे उभा राहिला. बघतो तर काय, घडे विकणारी बाई आली, पिवळ्या ओढणीच्या गाठीतून गुळाचा खडा काढला आणि राणोच्या तोंडात दिला. ही निहालो. तिथल्या कुंभाराची मुलगी. नवरा तापाने गेला, तेव्हापासून माहेरी. बाप घडे घडवायचा, ही भाजायची आणि विकायची.

"अगं बाई!" ताया ओरडलाच. "तू चारतेस होय हिला?"

"चारते. तुझ्या बापाचा गूळ आहे का?"

"पण का?"

"का म्हणजे? गाडी थांबली की घडे खपतात. तुझं काय जातं, फौजी?"

"माझं? माझी राणो जाते!" वीटभट्टीचं सगळं त्याने सांगून टाकलं.

निहालोने त्याच्याकडे बघितलं, राणोकडे बघितलं, आणि ओढणीची गाठ घट्ट बांधली. "आता गूळ बंद केला तरी ती थांबणारच. सवय ती सवय. सोमवारी मी विहिरीवर नसते. पुढच्या ठेशनाच्या ओट्यावर उभी राहते. सडक सरळ आहे, दिसेन तिला."

"आणि नाही दिसलीस तर?"

"तर माझे घडे फोड. जा आता, लालाजी पेंगायला लागले."

सोमवारी दरोगा तायाच्या शेजारीच बसला. किकरांवाली आली. विहीर दिसली तसे राणोचे कान उभे राहिले आणि चाल मंदावली. ताया मनात वाहेगुरू वाहेगुरू करत होता. राणो थबकली. दरोग्याने मिशीवर हात ठेवला. तेवढ्यात लांब, पुढच्या ओट्यावर, पिवळं काहीतरी हललं. राणोने मान वर केली, फुरफुरली, आणि जी सुटली म्हणता! दरोगा एका हाताने पगडी आणि दुसऱ्या हाताने तायाचा खांदा धरून बसला. लालाजींनी डोळे मिटून घेतले.

"हिची तक्रार कोणत्या गाढवाने केली?" उतरता उतरता दरोगा म्हणाला. "अरे, ही तर उडते!"

राणो वाचली. आता इथेच गोष्ट संपायला हवी होती, पण दुसऱ्या दिवशी निहालो पुन्हा विहिरीवर आणि राणो पुन्हा उभी. ताया खाली उतरला. कान लाल.

"निहालो," तो म्हणाला, "तू जर मोरिंड्याला... म्हणजे तबेल्याजवळ राहायला आलीस, तर ही सरळ चालेल."

निहालोने कमरेवर हात ठेवले. "राणोसाठी बोलतोस, की आणखी कुणासाठी?"

ताया राणोचा लगाम चाचपू लागला. गाडीत सगळे कान टवकारून बसलेले. रुळाच्या बाजूने लालाजी ओरडले, "अरे बोल की मर्दा, दुकान उघडायचंय मला!"

"माझ्यासाठी," ताया म्हणाला.

"ऐकू नाही आलं!" लालाजी.

"माझ्यासाठी!" ताया असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. निहालो ओढणीत तोंड लपवून हसत सुटली. थोड्याच दिवसांत दोघांच्या डोक्यावर चादर धरून आमच्या रीतीने लग्न लावलं, गूळ वाटला, आणि पहिला खडा कुणाला दिला ते सांगायला नकोच.

सुखाचा संसार झाला त्यांचा. निहालो आमची तायी झाली, पण नवऱ्याला ती जन्मभर फौजीच म्हणाली. पुढे गाडीला इंजिनं आली. राणोचं वय झालं होतं, म्हणून तायाने तिला मागून घेतलं आणि अंगणात आणून बांधली. मग सडकेवर मोटारी धावू लागल्या आणि रूळही उखडून नेला. राणो मात्र होती. एका थंडीत ती गेली, तायीच्या हातचा गूळ चघळत.

त्या संध्याकाळी ताया रिकाम्या खुंट्यापाशी बसून राहिला. तायी लस्सी घेऊन आली, मीही होते. तो मान खाली घालून म्हणाला, "बिचारीने फुकट शिव्या खाल्ल्या. पहिल्यांदा ती थांबलीच नव्हती, निहालो. मी लगाम ओढला होता. तू विहिरीवर उभी होतीस. मग रोजच ओढायला लागलो, आणि तिला सवय लागली."

"ठाऊक आहे मला," तायी म्हणाली.

तायाने मान वर केली. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तहानलेला माणूस कधी माझ्याकडे बघत सगळं पाणी दाढीवर सांडतो?"

"मग तो गूळ? ते घडे?"

"घडे आधीही खपत होते." तायीने पेला त्याच्या हातात दिला आणि त्याच्या शेजारी टेकली. "तुझा काय भरवसा, फौजी? एखाद्या दिवशी लगाम ओढायचा धीर झाला नसता तुला. म्हणून राणोला गुळाची चटक लावली."