झटकेकाकांना कपॅसिटरने कधीच न आपटल्याची गोष्ट

झटकेकाकांना आयुष्यात एकदाही झटका बसला नव्हता, आणि ही गोष्ट त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. मायक्रोवेव्ह ओव्हन दुरुस्तीचं त्यांचं एका खोलीचं दुकान होतं. संध्याकाळी घरी आले की हात धुता धुताच त्यांची गाडी सुटायची. "आज कपॅसिटरने मला असं उचलून आपटलं म्हणतेस, थेट कपाटावर!" हा कपॅसिटर म्हणजे प्लग काढला तरी पोटात वीज दाबून बसणारा लहानसा डबा. काकूंच्या हातातला डाव तिथंच थांबायचा, आणि काका खूश होऊन जेवायला बसायचे.

या थापा काही उगाच नव्हत्या; काकूंनी दुकानाकडे फिरकू नये म्हणून होत्या. काकू एकदा "दुकान झाडायला येते" म्हणाल्या, तेव्हा काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मागच्या रिकाम्या खोक्यांच्या आड त्यांची दुपारची झोप चालायची, घरून पळवलेल्या उशीसकट. ती उशी काकूंनी घरभर शोधून शेवटी कामवालीवर संशय घेतला होता.

परवा मात्र काका स्टुलावर बसल्या बसल्याच पेंगले आणि धाडकन खाली आले. दोन्ही मनगटं प्लास्टरमध्ये. घरी काय सांगितलं? अर्थात कपॅसिटर.

इथं थाप अंगाशी आली. मुलगा हट्टालाच पेटला. "बस झालं, बाबा. मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण संध्याकाळी दुकान बघायला येतोय. भाड्यानं देऊन टाकू." काकांनी गयावया केली तेव्हा कुठं तो एवढंच कबूल झाला, की बाकावर उरलेलं एकच मशीन संध्याकाळपर्यंत सुरू झालं तर दुकान राहील. बापाचे दोन्ही हात गळ्यात अडकवलेले पाहून त्याने ही उदारता दाखवली होती.

दुकान गेलं तर दिवसभर घरात करायचं काय? उरलेले हात आता फक्त काकूंचे होते, म्हणून काकांनी त्यांनाच दुकानात बोलावलं.

काकू आल्या त्या रबरी बूट, भांडी घासायचे मोजे आणि मुलाचं जुनं हेल्मेट घालून. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"मी आत पाऊल टाकणार नाही. तुमच्यासारख्या धिप्पाड माणसाला त्याने आपटलं, मला सोडेल होय?"

"अगं, त्याने नाही आपटलं."

"मग कुणी?"

"मी झोपेत पडलो. रोज त्या खोक्यांमागं झोपतो, परवा स्टुलावरच पेंगलो."

काकू तरातरा आत आल्या, खोक्यांमागं गेल्या आणि उशी काखेत मारून परतल्या. "बोला. कुठला स्क्रू काढू?"

काका आता मात्र गंभीर झाले. "प्लग काढलाय ना? नक्की? थापा माझ्या होत्या, पण तो डबा खरंच चावतो. आधी त्याला रिकामा करू." त्यांनी सांगितलं तसा काकूंनी झाकण काढून जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर त्याच्या दोन्ही टोकांवर टेकवला. बारीकशी टिचकी वाजली.

"एवढंच?" काकू हिरमुसल्या. "याला मी इतकी वर्षं भ्यायले?"

मशीनचं दुखणं विचित्र होतं. चालायचं झकास, पण मध्येच दार उघडलं की फ्यूज उडायचा. काकांच्या मते ट्रान्सफॉर्मर गेला होता. काकूंनी हेल्मेट काढलं, दाराला कान लावला आणि दार उघडून बंद करून पाहिलं.

"आपल्या घरचं दार टक-टक करतं. हे नुसतंच टक म्हणतंय."

काका बघतच राहिले. दाराच्या आकड्यामागं लहान लहान स्विच असतात. दार उघडताच त्यातला एक सुटायला हवा. तो अडकला, की सुरक्षेसाठी ठेवलेला दुसरा स्विच मुद्दाम फ्यूज उडवतो. काकूंनी तो स्विच काढला, वीज पुढं जाते का ते वाजून सांगणाऱ्या मीटरच्या सुया त्याला लावल्या आणि त्याचं बटण दाबलं. मीटर पीं-पीं वाजला. बटण सोडलं, तरी वाजतच राहिला.

"अहो, सोडलं तरी बोंबलतंय!" काकूंनी स्विच नाकाशी धरला. "साखरेचा पाक! कुणीतरी उतू जाऊ दिलाय."

त्या रबरी बुटांतच नाचू लागल्या. काकाही प्लास्टर सांभाळत खो-खो हसू लागले.

नवा स्विच बसला, फ्यूज बसला, झाकणाचे स्क्रू आवळले, आत पाण्याचा कप ठेवून मशीन सुरू झालं. तेवढ्यात मुलगा आला. कुणी काही म्हणायच्या आत त्याने चालू मशीनचं दार खसकन उघडलं. काकांनी डोळेच मिटले.

टक-टक.

आतला दिवा लागलेलाच होता; फ्यूज उडाला नव्हता. कपातून वाफ येत होती. मुलाने कपाकडे पाहिलं, आईच्या मोज्यांकडे पाहिलं, आणि कव्हरवाल्याला फोन लावून "नको येऊस" म्हणाला. मग त्याने दुकानाची किल्ली काकांपुढं धरली. काकांना ती हातात घेता येईना. काकूंनी ती अलगद घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

"उद्यापासून दोघं येऊ," त्या म्हणाल्या. उशी स्टुलावर ठेवून वर ऐसपैस बसल्या. "मला बाक जरा उंच पडतो."

काका उशीकडे बघत राहिले. दुकान वाचलं होतं, आणि त्यांच्या दुपारच्या झोपेवर काकू बसल्या होत्या.

"आणि मी कुठं बसू?"

"माझ्याजवळ," काकू म्हणाल्या. "पेंगलात तर धरायला कुणीतरी नको?"

झटकेकाकांना तेव्हा कुठं पहिला झटका बसला, आणि तो त्यांना फार आवडला.